दमणला ७५, दीवला ६९ : आमच्या बीच ट्रिपची मार्कशीट

आधी मार्क सांगतो, मग गोष्ट. आमच्या घरच्या चौदा माणसांची दिवाळीतली दमण ट्रिप पार फसली, तिच्यावरून अजून घरात टोमणे चालतात, तर त्या ट्रिपच्या पहिल्या दिवसाला बीचच्या हवामानाचा जो इंडेक्स असतो त्याच्या हिशोबाने १०० पैकी ७५ पडतात, म्हणजे "फार छान". आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात दीवला एक दिवस आम्ही सकाळी अकरापासून अंधार पडेपर्यंत वाळूतच होतो, जेवणसुद्धा तिथेच, कोणी रूमवर जाऊ म्हणेना, त्या दिवसाला ६९. मार्क मी नाही दिले, माझ्या पुतणीने दिले, आणि तिने आकडेमोडीत चूक केली असेल म्हणून मी स्वतः एक्सेल काढून बसलो. चूक नव्हती. मग हे असं कसं झालं त्याचा हा सगळा पंचनामा.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बडोद्याला समुद्र नाही, सुरसागर तलाव आहे पण त्याच्या फक्त नावात सागर. त्यामुळे समुद्र म्हटलं की वलसाडजवळचं तिथल, नाहीतर दमण, नाहीतर रात्रभर बसमध्ये हाडं मोडून दीव. आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा आई म्हणाली की मला आता काही नको, एकदा समुद्राच्या पाण्यात पाय घालून बसायचंय. बास, एवढीच मागणी. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत हे इथे सांगून ठेवतो, पुढे लागेल.

ठरलं भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, गुजरातेत पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत बाजार बंदच असतो आणि त्या चार दिवसांत अख्खा गुजरात गाडीत बसलेला असतो, त्यातले निम्मे दमण, दीव आणि आबूला, कारण सगळ्यांनाच माहितीये. मुलांना शाळेची एकवीस दिवस सुट्टी. आत्या भाऊबीजेला रत्नागिरीहून आली होती, तिलाही घेतलं. सतरा सीटर ट्रॅव्हलर, पहाटे साडेतीनला निघालो, लीलो चेवडो आणि ठेपले भरूचपर्यंतच संपले. वापीच्या अलीकडे आत्या म्हणाली, "अरे पण उधाणाचे दिवस आहेत, आत्ता कोण जातं समुद्रावर?" आम्ही सगळे हसलो. उधाण म्हणजे काय ते बडोद्याच्या माणसाला काय कळणार, आम्ही उधाण हा शब्द फक्त "उत्साहाला उधाण" असाच ऐकलेला.

पोचलो साडेनऊ-दहाला. थेट बीचवर गाडी घेतली, आई एवढी खूश की चपला हातात घेऊन खाली उतरली. आणि समोर समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब एक चकाकती रेघ, आणि मधे सगळा चिखल, त्यात खडक, कुठे कुठे डबकी. आमच्या ड्रायव्हरने एकदम सरळ चेहऱ्याने विचारलं, "दरियो क्यां गयो?" चहावाला म्हणाला, पाछो आवशे साहेब, साडा त्रण-चार वाग्ये. आईने त्या चिखलाकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं, आणि पार्किंगमध्येच चहावाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. चपला मांडीवर. मला तो सीन अजून आठवतो.

मग ऊन. ऑक्टोबरचा शेवट, आकाश एकदम स्वच्छ, ढगाचा तुकडा नाही, आणि घामाने शर्ट असा चिकटलेला की काढताना सोलून काढावा लागेल. सगळे रूमवर जाऊन एसी लावून पडले. पावणेचारला परत गेलो तर दरिया खरंच पाछो आला होता आणि तो असा आला होता की वाळूच शिल्लक नाही, पाणी थेट भिंतीवर आपटतंय, शिट्ट्या वाजवून लोकांना मागे ढकलणं चालू. सहाला पाणी जरा उतरलं, तोवर सूर्य बुडाला आणि बीचवर पाय ठेवायला जागा नाही एवढी पब्लिक. दुसऱ्या दिवशी तेच, फक्त सगळं पाऊण तास उशिरा. तिसऱ्या दिवसाचं बुकिंग सोडून परत आलो. दादा म्हणाला, "सीझन चुकला." वहिनी म्हणाली, "जागा चुकली." आत्या काही म्हणाली नाही, तेच जास्त लागलं.

आता सई. दादाची मुलगी, युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स करते, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. तिला प्रोजेक्टला विषय हवा होता आणि तिला सापडलं की पर्यटनाला हवामान किती सोयीचं हे मोजायचे चक्क फॉर्म्युले आहेत. पहिला मोठा म्हणजे १९८५ चा, मिएचकोव्स्की नावाच्या कॅनडातल्या प्राध्यापकाचा टुरिझम क्लायमेट इंडेक्स. त्यात १०० मार्कांची वाटणी अशी : दिवसा अंगाला हवा कशी वाटते त्याला ४०, चोवीस तासांची सरासरी कशी वाटते त्याला १०, पावसाला २०, उन्हाच्या तासांना २०, वाऱ्याला १०. नव्वदच्या वर "आदर्श", सत्तर ते ऐंशी "फार छान", चाळीसच्या खाली "प्रतिकूल", अशा पायऱ्या. लोकांनी यावर पुढे बरीच टीका केली, मुख्य म्हणजे हे ४०-२०-१० आले कुठून, तर बरंचसं त्या माणसाच्या स्वतःच्या अंदाजातून. आणि दुसरं, हा इंडेक्स किल्ला बघणाऱ्याला आणि बीचवर लोळणाऱ्याला एकाच मापाने मोजतो.

मग २००० मध्ये मॉर्गन आणि त्याच्या मंडळींनी खास बीचसाठी वेगळा इंडेक्स काढला, आणि त्यांनी निदान बीचवरच्या माणसांना जाऊन विचारलं, वेल्स, माल्टा आणि तुर्कस्तानात. पण विचारलं बहुतेक उत्तर युरोपातल्या लोकांना. त्यांचे भार निघाले पावसाला २९ टक्के, उन्हाला २७, वाऱ्याला २६, आणि अंगाला गरम-गार काय वाटतं त्याला फक्त १८. न्यूझीलंडचे डी फ्रेटास म्हणून होते त्यांचा मुद्दा मला सगळ्यात पटला, की हवामानाचे हे मार्क नुसते बेरजेत धरून चालत नाही, जोराचा पाऊस किंवा वारा असला की बाकी सगळं कितीही चांगलं असो, दिवस रद्दच. बरोबर आहे ना, भाजीत मीठ तिप्पट पडलं तर बाकी मसाल्यांचे मार्क कोण मोजतं.

आणि सईने जो वापरला तो यांच्यानंतरचा, हॉलिडे क्लायमेट इंडेक्सची बीचवाली आवृत्ती. यात शहर फिरायला वेगळी वाटणी आणि बीचला वेगळी. बीचला : आकाशातल्या ढगांना ४०, पावसाला ३०, गरमीला २०, वाऱ्याला १०. हो, ढगांना चाळीस. मी दोनदा विचारलं. प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायचे, मग गरमीचे मार्क गुणिले दोन, ढगांचे गुणिले चार, पावसाचे गुणिले तीन, वाऱ्याचे तसेच, आणि बेरीज. गंमत म्हणजे पूर्ण कोऱ्या आकाशाला दहा मिळत नाहीत, चार ढग इकडेतिकडे असतील तर दहा, फोटो चांगला येतो म्हणून असेल. फार मोठा पाऊस किंवा वादळी वारा असेल तर वजा मार्क, म्हणजे डी फ्रेटास यांचा मुद्दा थोडा तरी ऐकलेला दिसतो.

गरमीचे मार्क थेट तापमानावरून नसतात. दिवसाचं कमाल तापमान आणि सरासरी आर्द्रता घेऊन "किती वाटतं" तो आकडा काढायचा, ह्युमिडेक्स धरा, तोही कॅनडाचाच. त्याचा फॉर्म्युला सोपा आहे, हवेतल्या वाफेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये घ्या, त्यातून १० वजा करा, उरलं त्याचे पाच नवमांश तापमानात मिळवा. तो आकडा २८ ते ३१ मध्ये असला तर दहापैकी दहा. तिथून वर चढला की मार्क उतरत जातात, आणि ३९ ला पोचला की शून्य.

आता दमणचा पहिला दिवस यात घाला. कमाल ३४ धरूया, आर्द्रता ६५ टक्के. ३४ अंशाला हवा जास्तीत जास्त साधारण ५३ हेक्टोपास्कल वाफ धरते, त्याचे ६५ टक्के म्हणजे साडेचौतीस, वजा दहा, गुणिले पाच नवमांश, तेरा-चौदा. म्हणजे वाटत होतं ४७-४८. गरमीला शून्य, वीसपैकी शून्य! पण आकाश जवळजवळ कोरं, दहापैकी ९, म्हणजे ३६. पाऊस नाही, पूर्ण ३०. वारा मंद, ९. बेरीज ७५. म्हणजे एका विषयात भोपळा आणि तरी डिस्टिंक्शन, आमच्या शाळेत असं असतं तर मी इंजिनीअर झालो असतो.

सई म्हणाली, काका, हसू नका, हे बरोबर आहे, फक्त ते कोणासाठी बरोबर आहे ते बघा. या इंडेक्सची एक मोठी परीक्षा घेतली गेली ती कॅनडातून कॅरिबियन बेटांवर जाणाऱ्या टुरिस्टांवर, २०२० चा पेपर आहे, जुन्या १९८५ वाल्याशी तुलना करून. आता कॅनडातला माणूस जानेवारीत घरापुढचा बर्फ फावड्याने ओढून कंटाळलेला असतो, तो विमानाचं तिकीट काढतो ते ऊन विकत घ्यायला. ढग आला म्हणजे त्याचे पैसे बुडाले. त्याला आकाशाचे ४० टक्के अगदी रास्त आहेत. आणि बडोद्याचा माणूस? आम्ही मेमध्ये ४२ मध्ये स्कूटर चालवतो, आम्हाला ऊन फुकट मिळतं, पाहिजे तेवढं घेऊन जा.

इथपर्यंत आलं तेव्हा मला वाटलं झालं, परदेशी फॉर्म्युला आपल्याला लागू नाही, विषय संपला. पण सई तिथे थांबली नाही आणि बरं झालं, कारण "परदेशी म्हणून चूक" हे म्हणणं सोपं आहे, पण मग आपलं बरोबर काय ते सांगावं लागतं.

तिने रविवारी सगळ्यांना बसवलं. डाळीच्या डब्यातून आईचे चिंचोके काढले (आई अजून चिंचोके साठवते, सारीपाटासाठी), प्रत्येकाला दहा-दहा, आणि जमिनीवर सहा वाट्या मांडल्या : ऊन-उकाडा, पाऊस, वारा, आकाश-ढग, पाणी कुठे आहे, गर्दी. समुद्रावर मजा येते की नाही हे तुमच्यासाठी कशावर ठरतं त्या वाटीत चिंचोके टाका. आत्याने रत्नागिरीहून फोनवर सांगितले. पोरांनी आधी मारामारी केली, चुलतभावाच्या धाकट्याने एक चिंचोका तोंडात घातला, तो काढून परत वाटीत टाकला. आप्पांनी सगळे हिशोबाने वाटले, दोन दोन, एक, असे, आयुष्यभर बँकेत होते. आईने दहाच्या दहा पाण्याच्या वाटीत ओतले आणि उठून आत गेली.

एकशेचाळीस चिंचोके. ऊन-उकाडा ४९, पाणी ३८, गर्दी २१, वारा १४, पाऊस १२, आकाश ६. म्हणजे जिथे इंडेक्स ४० टक्के देतो तिथे आमच्या घराने चार टक्के दिले, आणि जिथे तो २० देतो तिथे आम्ही ३५. पावसाच्या वाटीत एवढे कमी का यावर मी म्हटलं की आपल्याला पावसाचं काही नाही, तर सई म्हणाली तसं नाही, पावसाळ्यात समुद्रावर उतरायचं नाही हे आपण आधीच धरून चालतो, पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीसुद्धा बंद असते, म्हणून कोणाला ते लिहावंसं वाटत नाही. वेल्समधल्या माणसाला पाऊस जुलैत काय आणि सप्टेंबरात काय, रोजचा जुगार. हा मुद्दा मला सुचला नसता. चौदा माणसांचा सर्व्हे म्हणजे काही सर्व्हे नाही हेही तिनेच सांगितलं, पण एका घराची ट्रिप ठरवायची तर त्या घराचाच सर्व्हे पाहिजे ना.

आणि बघा, सहापैकी दोन वाट्या, पाणी आणि गर्दी, इंडेक्समध्ये नाहीतच. तो हवेचा इंडेक्स आहे, समुद्राचा नाही. भरती-ओहोटी नाही, लाटा नाहीत, पाण्यातली ओढ नाही, पाणी गार की कोमट ते नाही, उन्हाने कातडी किती भाजेल तेही नाही. भूमध्य समुद्राच्या काठावर बसून इंडेक्स बनवला तर भरती-ओहोटी आठवणारच नाही, तिथे पाणी दिवसभर जवळपास त्याच जागी असतं. आपल्याकडे खंभातच्या आखातात भावनगरला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, तीन मजली घर बुडेल एवढा. दमण त्या आखाताच्या तोंडाशी, म्हणून तिथेही पाणी खूप मागे जातं, आणि किनारा सपाट असल्यामुळे थोडी पातळी उतरली तरी समुद्र लांब पळाल्यासारखा दिसतो.

आता आत्याचं उधाण. अमावस्या आणि पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते, आणि त्याचा जोर एक-दोन दिवस उशिरा सगळ्यात जास्त असतो. दिवाळी कधी असते? अमावस्येला. म्हणजे पाडवा, भाऊबीज आणि आमचा दुसरा दिवस, हे वर्षातले नेमके उधाणाचे दिवस, दरवर्षी, न चुकता. अख्खा गुजरात दरवर्षी उधाण गाठून समुद्रावर जातो आणि म्हणतो यंदा मजा नाही आली. आत्याने फोनवर कोकणातला हिशोबही सांगितला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचे तास येतात, तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन. हा हिशोब तिच्या किनाऱ्याचा, दमणला भरती आखातात शिरता शिरता आणखी उशीर करते, म्हणून आम्हाला पावणेचारला भिंतीवर पाणी दिसलं. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे पावणेदहाला, ओहोटीचा तळ. आम्ही बरोब्बर त्याच वेळी पोचलो होतो! भारतीय सर्वेक्षण खात्याचे भरती-ओहोटीचे तक्ते निघतात, मोबाइलवरही मिळतात, दोन मिनिटांचं काम होतं.

आणखी एक घोळ मी स्वतः पकडला, त्याचा मला जरा अभिमान आहे. इंडेक्स कमाल तापमान आणि सरासरी आर्द्रता एकत्र करतो. पण या दोन गोष्टी एका वेळी कधी येतच नाहीत. आर्द्रता जास्त असते पहाटे आणि तापमान जास्त असतं दुपारी तीनला, तेव्हा आर्द्रता सगळ्यात कमी. किनाऱ्यावर हा फरक तितका नसतो, पण आमच्या बडोद्याचा मेमधला दिवस घ्या, ४१ अंश आणि सरासरी आर्द्रता ४५ धरली तर फॉर्म्युला म्हणतो ५५ वाटतंय, आणि दुपारची खरी २५ टक्के धरली तर ४६. नऊ अंश हवेतून काढलेले! आणि वर तोच ३९ चा कडा. नोव्हेंबरच्या मध्यात दीवला ३२ अंश, आर्द्रता ५५ असेल तर ४१ येतो, शून्य मार्क. मेमध्ये ४७ येतो, तोही शून्य. नोव्हेंबरात आम्ही दुपारी बाराला क्रिकेट खेळतो आणि मेमध्ये गॅलरीत जात नाही, पण इंडेक्सला दोन्ही सारखेच. आमची सोसायची सवय त्या पट्टीवर मावतच नाही, पट्टीच जिथे संपते तिथे आमचा हिवाळा सुरू होतो.

त्यात परत दिवसाचा एक आकडा कशाला? आम्ही बीचवर असतो कधी, सकाळी साडेसहा ते नऊ आणि मग साडेचारनंतर. दुपारी तीनचं तापमान आमच्यापैकी एकही माणूस बीचवर भोगत नाही, तो भोगतो एसीचा कॉम्प्रेसर. म्हणून सईने तासांप्रमाणे हिशोब मांडला. दमणला त्या दिवशी सकाळी सातला २५ अंश आणि ८५ टक्के धरलं तर ३४ येतो, गरमीला दहापैकी ७, चांगले मार्क. संध्याकाळी सहाला ३० अंश, ७० टक्के, परत ४१, शून्य. म्हणजे दिवसातली एकच वेळ बरी होती, सकाळची, आणि तेव्हा समुद्र काढता पाय घेत होता. हे दोन्ही एका कागदावर आलं तेव्हा दादा पहिल्यांदा गप्प बसला.

गप्प बसला म्हणजे पाच मिनिटं. मग म्हणाला मेमध्ये दीवला जाऊ, पोरांना सुट्टी आहे, रूम निम्म्या दरात, आणि तुमच्याच इंडेक्सने मेलाही ७५ दिलेत. यावर मोठं भांडण झालं, ते सगळं नाही सांगत. सईने एवढंच विचारलं, बाबा, १७ मे २०२१ ला काय होतं? तौक्ते. ते चक्रीवादळ रात्री दीवच्या शेजारीच उना भागात जमिनीवर चढलं होतं, आमच्याकडे बडोद्यात सुद्धा झाडं पडली होती. महिन्याची सरासरी काढली तर त्या मेचेही मार्क चांगलेच येतील, कारण बाकीचे दिवस कोरं आकाश. सरासरीत वादळ विरघळून जातं. म्हणून रोजचे आकडे घ्यायचे आणि महिन्यातले किती दिवस पास झाले ते मोजायचं, सरासरी मार्क नाही. दादाचं म्हणणं होतं की वादळ काय दर मेमध्ये येतं का. नाही येत, तेही खरं. पण चिंचोक्यांचे ४९ उकाड्याच्या वाटीत होते, त्यात दादाचेच सहा होते, तिथे मे बाद झाला.

उरलं काय? दिवाळी बाद, मे बाद, जून ते सप्टेंबर बाद. जानेवारी हवामानाने सगळ्यात उत्तम, कमाल २८, आर्द्रता पन्नासच्या आसपास धरली तर ३३ वाटतं, पण उत्तरायणच्या आठवड्यात बडोदं सोडून जायला सांगा कोणाला, मी सुद्धा नाही जाणार, मांजा आधीच घासून ठेवलेला असतो. ३१ डिसेंबरला दीवला का जाऊ नये ते लिहायची गरज नाही. फेब्रुवारीत पोरांच्या परीक्षा. शेवटी डिसेंबरच्या सुरुवातीचा एक शनिवार-रविवार काढला, अष्टमीच्या जवळचा, म्हणजे भांगाची भरती, पाणी ना फार चढत ना फार पळत. सोमवारची शाळा बुडवली. वहिनी म्हणाली शाळेत कारण काय लिहू, सई म्हणाली लिही, चंद्र अष्टमीचा होता. दीव का, तर ते आखाताच्या बाहेर आहे, दमणपेक्षा भरती-ओहोटीचा फरक बराच कमी, तिथला नागवाचा किनारा घोड्याच्या नालासारखा वळलेला आणि वाळूचा, आणि मागे ती होक्याची झाडं आहेत, फांद्या फुटलेले ताड, त्यांची सावली.

शनिवारी ठीकठाक. ऊन होतं, सकाळ आणि संध्याकाळ बीच, दुपारी किल्ला आणि फुदमचं गंगेश्वर, तिथे खडकातल्या पाच शिवलिंगांवर भरतीचं पाणी येऊन जातं, आप्पा अर्धा तास तिथेच बसले. संध्याकाळी वारा असा सुटला की आत्या म्हणाली रत्नागिरीला डिसेंबरात शाल लागत नाही, इथे लागते. वाऱ्याच्या वाटीत आम्ही चौदाच चिंचोके टाकले होते, ते थोडे कमी पडले असं मला आता वाटतं.

रविवारी सकाळी उठलो तर आभाळ पूर्ण भरलेलं. उत्तरेकडे वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं ढग-पावसाचं हवामान, आला होता, त्याची शेपटी. पाऊस नाही, नुसते करडे ढग इकडून तिकडे. दादाने माझ्याकडे असं बघितलं की जणू ढग मीच आणले. नाश्ता करून अकराला बीचवर गेलो, म्हटलं तासभर बसू. आणि मग कोणी उठलंच नाही. ऊन नाही म्हणून सावली शोधायची गरज नाही, पोरं बारा वाजता, जी वेळ एरवी वर्ज्य, भर वाळूत किल्ले करत होती, वहिनी चक्क झोपली. चटई टाकून गाठिया, पापडी, रूमवाल्याकडून आणलेल्या रोट्या. अडीच वाजता मी मोबाइलमध्ये तापमान बघितलं, २७. सईने तिथेच वाळूत बोटाने हिशोब केला : २७ अंश, आर्द्रता ५५ धरली तर वाटतं ३२, नऊ गुणिले दोन १८. पाऊस नाही, ३०. वारा ९. आणि ढग, नव्वद टक्के आभाळ झाकलेलं, दहापैकी ३, म्हणजे ४० पैकी १२. बेरीज ६९. दमणपेक्षा सहा कमी.

दादा म्हणाला, "म्हणजे दमण जास्त चांगलं होतं असं लिही तुझ्या प्रोजेक्टमध्ये." सईने खरंच ते दोन्ही दिवस शेजारीशेजारी एका तक्त्यात टाकले, एका बाजूला छापील भार, दुसऱ्या बाजूला चिंचोक्यांचे. चिंचोक्यांच्या भाराने दमण नापास, कारण ऊन आणि पाणी दोन्ही वाट्यांत शून्य, आणि त्या दोन मिळूनच साठ टक्क्यांच्या वर जातात. तोंडी परीक्षेत सरांनी तिला विचारलं की हे भार दुसऱ्या घरात बदलतील की. ती म्हणाली हो सर, बदलतीलच, आमच्याच घरात आजीचे आणि बाबांचे जुळत नाहीत.

पण ते नंतर. त्या रविवारी पाच वाजता मी आणि चुलतभावाने खुर्ची उचलून पाण्याच्या कडेला नेली, आईला धरून बसवलं. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, पावलं ओल्या वाळूत. पहिली लाट घोट्यापर्यंत आली तशी तिने पाय वर घेतले, म्हणाली अगं आई गं, गार आहे. मग परत खाली ठेवले. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, पोरं मागे ओरडत होती तेवढंच. सूर्य काही दिसला नाही, ढगांच्या मागेच कुठेतरी बुडाला असेल. मी विचारलं, बास का, उठायचं? तर म्हणाली, "उठायचं काय, पाणी मागे जातंय बघ, खुर्ची जरा पुढे घ्या."